नोंद कमी करणेबाबत

आमच्या घरी सकाळी सहाला दूध येतं, साडेसहाला पेपर येतो आणि सातला कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट येते. चौकटीत लाल फुली, आणि शेजारी इंग्रजीत मजकूर, की अमुक ठिकाणची तमुक फाइल सुरू करताना अडचण आली, सांगितलेलं मोड्यूल सापडलं नाही. खाली एकच बटण : ओके. सापडलं नाही यात ओके काय आहे हे मला आजवर कळलेलं नाही, पण दुसरं बटणच नसल्यामुळे आम्ही रोज ते दाबतो. आम्ही म्हणजे बायको. गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, कॉम्प्युटर चालू करायचा, चौकट आली की ओके दाबायचं आणि परत जाऊन चहा गाळायचा, असा तिचा क्रम बसून गेला होता.

ती न सापडणारी फाइल मराठी टंकलेखनाच्या एका सॉफ्टवेअरची. युनिकोड घरोघर पोचायच्या आधी दिवाळी अंकांची कामं मी त्याच्यावर केली, पुढे सवयीनं त्याच्या नव्या आवृत्त्याही घेत राहिलो. गेल्या पाडव्याला ते काढून टाकलं. रीतसर, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन. 'यशस्वीरीत्या काढले' असा दाखलाही मिळाला. फाइल गेली, फोल्डर गेला, डेस्कटॉपवरचं चित्र गेलं. पण जाताना ते विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एक ओळ ठेवून गेलं : मला रोज सकाळी उठवा. तेव्हापासून विंडोज बिचारं रोज सकाळी त्याच्या दाराशी जातं, हाका मारतं आणि परत येऊन आम्हाला सांगतं, की घरात कोणी नाही.

'रजिस्ट्रीत जुनी नोंद राहिलीय, काढायला हवी,' असं मी एकदा फोनवर कोणाला तरी म्हणालो. बायकोनं ते अर्धं ऐकलं आणि माहेरी त्यातलं पाव सांगितलं. पलीकडे माझे सासरे होते. दादा चौतीस वर्षं तलाठी होते, खटाव आणि माण तालुक्यांत. 'रजिस्ट्री', 'जुनी नोंद' आणि 'काढायची' हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर ते गावाकडे स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला यायचंच होतं, ते आठ दिवस आधी आले. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं,

'जावईबापू, गट नंबर काय?'

'जमिनीची नाही दादा. कॉम्प्युटरची रजिस्ट्री.'

'कॉम्प्युटरची पण असते?'

'असते.'

'तलाठी कोण?'

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'कोणी नाही' असं आहे, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तेच आहे. जो तो प्रोग्राम येतो, स्वतःच्या हातानं फेरफार लिहितो, स्वतःच तो मंजूर करतो आणि कामाला लागतो. जाताना आपलं नाव कमी करून जायचं की नाही, हे त्याच्या सज्जनपणावर सोडलेलं आहे. हे ऐकून दादांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. चौतीस वर्षांत त्यांनी अनेक भानगडी पाहिल्या असतील, पण खातेदारानं दप्तर स्वतःच लिहावं ही त्यांच्या कल्पनेपलीकडची गोष्ट होती.

पूर्वी असं नव्हतं, हेही मी त्यांना सांगितलं. सुरुवातीच्या विंडोजमध्ये बहुतेक प्रोग्राम आपापली आयएनआय नावाची साध्या मजकुराची फाइल बाळगत, आणि त्यात आपल्या आवडीनिवडी लिहून ठेवत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री आली ती लहान कारकुनासारखी, कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामनं उघडायची एवढं बघायला. विंडोज एनटी आणि ९५ आल्यावर सगळा कारभारच तिच्याकडे गेला. 'म्हणजे आधी घराघरात कागद होते, मग दप्तर एके ठिकाणी आणलं,' दादा म्हणाले. अगदी तेच.

मग मी त्यांना ते दप्तर उघडून दाखवलं. रेजेडिट नावाच्या त्या खिडकीत डावीकडे पाच मोठी खाती दिसतात, प्रत्येकाच्या नावामागे 'एचकी' अशी उपाधी. त्यातली खरी दोनच, एक सगळ्या मशीनचं आणि एक वापरणाऱ्यांचं. बाकीची तीन म्हणजे याच दोघांतले काही भाग वेगळ्या दारातून दाखवलेले. 'एकाच जमिनीचे पाच उतारे,' दादा म्हणाले, 'चालतं. मी सात पाहिलेत.' एका खात्यावर टिचकी मारली की तालुके उघडतात, तालुक्यावर मारली की गावं, मग गट, मग पोटहिस्से. दादांना त्या झाडात एका मिनिटात वाट सापडली. मला तिथे पोचायला पंधरा वर्षं लागली होती.

या दप्तराच्या मूळ फायलींना इंग्रजीत 'हाइव्ह' म्हणतात, म्हणजे मधमाश्यांचं पोळं. त्यामागची हकिगत मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी सांगून ठेवली आहे. एनटी घडवणाऱ्यांतल्या एकाला मधमाश्यांचा भारी तिटकारा होता, म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्यानं जमेल तिथे मुद्दाम मधमाश्या घुसवल्या. फायली झाल्या पोळी, आतले कप्पे झाले 'सेल', पोळ्यातल्या घरांसारखे. टेबलाशेजारच्या माणसाची काढलेली खोडी तीस वर्षं झाली तरी जगभरच्या कॉम्प्युटरांत बसून आहे. सरकारी कचेरीतसुद्धा इतकं टिकाऊ काम मी पाहिलेलं नाही. मराठी माणसाला मात्र या नावात खोडी न दिसता सूचना दिसते. मोहोळात हात घालायचा तर आपल्याकडे आधी धूर करतात, अंगावर घोंगडी घेतात, आणि शक्यतो दुसऱ्याला पुढे करतात.

मी हा हात एकदा घोंगडीशिवाय घातलेला आहे. २००१ ची गोष्ट. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर तेव्हा सीडी फुकट मिळायची आणि फुकट मिळालेलं वापरायचं नाही हे माझ्या रक्तात नाही. तिच्यात रजिस्ट्री साफ करणारा एक प्रोग्राम होता. त्यानं पाच मिनिटं खुडबूड केली आणि लाल अक्षरांत जाहीर केलं : १४१२ चुका सापडल्या. आदल्या क्षणापर्यंत माझा कॉम्प्युटर धडधाकट होता. आता तो चौदाशे बारा आजारांचा रोगी होता आणि मी त्याच्यावर रोज काम करत होतो, त्याच खोलीत झोपत होतो! मी 'सर्व दुरुस्त करा' दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली, आणि गंगेत बुडी मारून आल्यासारखं मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पानं लावायचा प्रोग्राम उघडेना. दसरा चार दिवसांवर, दिवाळी अंकाची ऐंशी पानं अडकलेली. झालं होतं असं, की त्या प्रोग्रामच्या काही नोंदी सीडीवरच्या फायलींकडे बोट दाखवत होत्या आणि ती सीडी त्या वेळी ड्राइव्हमध्ये नव्हती, कपाटात होती. सफाईवाल्यानं दार वाजवलं, आतून ओ आली नाही, म्हणून त्यानं मृत्यूची नोंद घातली. अशा सगळ्या सफाईवाल्यांची हीच गोम आहे. गावाला गेलेला माणूस आणि वारलेला माणूस त्यांना सारखाच.

दुकानातला मुलगा आला. विंडोज ९८ रोज एकदा नोंदवहीची नक्कल काढून ठेवत असे आणि शेवटच्या पाच नकला सांभाळत असे, ही गोष्ट त्याला माहीत होती, मला नव्हती. त्यानं काळ्या पडद्यावर 'स्कॅनरेग'नं सुरू होणारी एक ओळ टाइप केली, तारखांची यादी आली, त्यातली परवाची निवडली. पाच मिनिटांत चौदाशे बाराच्या चौदाशे बारा चुका जागेवर आल्या आणि कॉम्प्युटर पुन्हा उत्तम चालू लागला. त्यानं तीनशे रुपये घेतले आणि जाताना म्हणाला, 'काका, नसत्या सफाया कशाला करता?' मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. तीनशे रुपयांचं काही वाटलं नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर म्हणे कॉम्प्युटर वेगात चालतो. हा समज कोणी पसरवला हे सांगायला नको, सफाईची यंत्रं विकणारे दुसरं काय सांगणार! विंडोजच्या पोटातली खडान्‌खडा माहिती असलेले मार्क रसिनोविच यांनी २००५ मध्येच लिहिलं होतं, की रजिस्ट्री कचऱ्यानं तुडुंब भरली तरी रोजच्या वेगात फारसा फरक पडत नाही. फरक पडेल तो सगळी रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधत बसणाऱ्याला. दादांना यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. 'गट नंबर दिला तर मी थेट तोच उतारा काढीन. शेजारच्या गटावर कोण मेलं, कोण जन्मलं, त्यानं मला उशीर का व्हावा?' माझ्या कॉम्प्युटरमधल्या सर्वांत जाड पोळ्याचं वजन सव्वाशे एमबी भरलं. भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ त्याच्या सहापट आहे आणि तो कोणी एकदाही पाहिलेला नाही. शिवाय नोंद काढली तरी पोळं सहसा आकसत नाही. तो कप्पा रिकामा पडून राहतो आणि पुढच्या भाडेकरूला दिला जातो.

मायक्रोसॉफ्टही हे अनुभवातून शिकलेलं दिसतं. एके काळी त्यांचा स्वतःचाच रेगक्लीन नावाचा सफाईवाला होता, तो त्यांनी मागे घेतला. अर्धवट राहिलेल्या इन्स्टॉलेशनचे अवशेष काढणारं आणखी एक अवजार होतं, ते कधीकधी शेजारच्या प्रोग्रामांनाही इजा करतं म्हणून २०१० मध्ये बंद केलं. आता तर रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामांना आमचा पाठिंबा नाही, त्यांनी केलेलं नुकसान भरून येईलच याची हमी नाही, प्रसंगी विंडोज नव्यानं टाकावं लागेल, असं त्यांनी लेखी सांगून ठेवलं आहे. आणि २०१८ च्या मार्चपासून, भीती घालून पैसे मागणाऱ्या सफाईवाल्यांना विंडोजचा राखणदार नको असलेलं सॉफ्टवेअर समजून हाकलून देतो. सतरा वर्षं उशीर झाला, पण दिवाळी अंकाच्या वतीनं मी त्याचं स्वागत करतो.

म्हणजे मग करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. नोंदी पडून असतात, खात-पीत नाहीत. पण रोज सकाळी चौकट येते, तेव्हा त्या एका नोंदीचा बंदोबस्त करावा लागतो. आणि तेवढ्या एकीचाच. यादीत प्रोग्रामचं नुसतं नाव मागे राहिलं असेल तर तेही सोपं आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये त्या नावावर 'अनइन्स्टॉल' म्हणावं. हा बहुधा आधीच गेलेला दिसतो, यादीतून नाव काढू का, असं विंडोज बऱ्याचदा स्वतःच विचारतं. माझी नोंद मात्र त्यातली नव्हती.

मी रेजेडिट उघडलं, ती ओळ शोधली आणि डिलीटच्या बटणाकडे बोट नेलं. मागून आवाज आला, 'थांबा!'

डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी झापड, डॉक्टरांनी टीव्ही बंद सांगितलेला. कॉम्प्युटर बंद सांगितला नव्हता, कारण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते सांगावं लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसणार. दादा उघड्या डोळ्यानं पडद्याकडे बघत होते.

'काय करताय?'

'नोंद खोडतोय.'

'खोडायची नसते नोंद,' दादा म्हणाले, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो घरातल्या सासऱ्यांचा नव्हता, चावडीवरचा होता. 'खोडाखोड केली की त्या ओळीत काय होतं ते पुढच्याला कळत नाही. नावाला कंस करायचा. कंसातलं नाव वाचता येतं, पण त्याचा अंमल चालत नाही. बाजूला फेरफार नंबर घालायचा. आधी नोटीस काढायची. पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची. हरकत नाही आली तर मंडल अधिकारी प्रमाणित करणार. तुमच्यात कंस नाही?'

रेजेडिटमध्ये कंस नाही. तिथे 'सेव्ह' नाही, केलेलं मागे घेणं नाही, कचऱ्याची पेटी नाही. बोट उचललं की कायदा लागू. पण कंस आहे दुसरीकडे, आणि इतक्या वर्षांत मला तो कंस आहे असं सुचलं नव्हतं. त्याच रसिनोविच यांनी ब्राइस कॉग्सवेल यांच्याबरोबर १९९६ मध्ये सिसइंटर्नल्स नावाचं दुकान काढलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं, आणि त्यांचं ऑटोरन्स नावाचं अवजार अजून फुकट मिळतं. विंडोज सुरू होताना कोण कोण जागं होतं याची ते यादी देतं. ज्या नोंदीची फाइलच जागेवर नाही ती ओळ पिवळी दिसते, हळद लावल्यासारखी. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण असते. ती काढली की नोंद मरत नाही. ती उचलून 'ऑटोरन्स डिसेबल्ड' नावाच्या पोटहिश्श्यात ठेवली जाते, आणि पुन्हा खूण केली की जागेवर येते. 'हा कंसच की,' दादा म्हणाले. 'मग तुमच्यात पण कोणी तरी शहाणा होऊन गेलेला दिसतो.'

आधी नकला. विंडोजच्या मिलेनियम आवृत्तीपासून, म्हणजे २००० पासून, रिस्टोर पॉइंट नावाची सोय आहे. कॉम्प्युटर पूर्वी होता त्या दिवसावर परत नेता येतो. ती आपल्याकडे चालू असेल असं मी धरून चाललो होतो, बघितलं तर बंद. ती चालू केली, आजच्या तारखेचा टप्पा घातला. मग ज्या गटाला हात लावायचा तेवढ्याच गटाची नक्कल 'एक्सपोर्ट' करून ठेवली. त्या नकलेवर दोनदा टिचकी मारली की जुन्या नोंदी परत येतात. मात्र मधल्या काळात नव्यानं लिहिल्या गेलेल्या नोंदी तिनं जात नाहीत. ती पुसत नाही, फक्त मिसळते. जुन्या काळासारखी विंडोज स्वतः नक्कल ठेवतं का, हे बघायला मी 'रेगबॅक' नावाचं फोल्डर उघडलं. पोळ्यांच्या नावाच्या फायली ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीचं वजन शून्य. २०१८ च्या आवृत्तीपासून जागा वाचवायला विंडोजनं ही नक्कल काढणं बंद केलं, फायलींची नावं तेवढी ठेवली. मला वाटलं दादा चिडतील. ते गालात हसले. 'कपाट आहे, फायली आहेत, आत कागद नाही. आमच्याकडे अशी एक अख्खी खोली होती.'

मग चावडी वाचन. सातबाऱ्याच्या नोंदी गावासमोर मोठ्यानं वाचतात, कोणाचं काही असेल तर त्यानं तिथंच बोलावं. आमच्या हॉलमध्ये मी, बायको, दादा आणि वरच्या मजल्यावरून साखर मागायला आलेल्या वहिनी एवढा गाव जमला. मी ऑटोरन्सची यादी एकेक ओळ वाचली. पिवळी ओळ आली, तिच्यावर सर्वांचं एकमत झालं. मग मला जोर चढला. प्रिंटरची आठवण करून देणारी एक ओळ होती, स्कॅनरची एक होती. दोन्ही मला बिनकामाच्या वाटल्या. गाव गप्प होता. तीन नोंदींना कंस झाला आणि दादांनी कागदावर नोटीस लिहून फ्रिजवर चुंबकाखाली लावली. 'सर्व हितसंबंधितांना कळविण्यात येते की' अशी सुरुवात होती. वहिनींनी ती दोनदा वाचली आणि साखर न नेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट आली नाही. चहा उतू गेला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, 'अहो, आज ते ओके का आलं नाही?' दादांनी ही हरकत तोंडी असल्याच्या कारणावरून फेटाळली.

पंधरा दिवस मोठे असतात, आणि टीव्ही बंद असला की फारच. रोज दुपारी दादा खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, 'चला, दप्तर तपासू.' आम्ही काही न बदलता नुसते हिंडायचो, आणि रजिस्ट्रीत हिंडण्यासारखं पुष्कळ आहे. एका ठिकाणी घरात आलेल्या पेन ड्राइव्हची यादी निघाली. कोणाचा लग्नाचा अल्बम, कोणाचा झेरॉक्सच्या दुकानातून आलेला, सगळ्यांची हजेरी लागलेली. दुसऱ्या एका ठिकाणी, आपण कोणता प्रोग्राम किती वेळा उघडला याचा हिशोब असतो. नावं सरळ वाचता येऊ नयेत म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेलं. शाळेतली पोरं चिठ्ठीत करतात तेवढंच कोडं. पण मी ते उलगडलं नाही. माझं सर्वांत जास्त उघडलं जाणारं काम लेखनाचं नसून पत्त्यांच्या खेळाचं आहे असं मला आतून वाटत होतं, आणि शेजारी सासरे बसले होते.

एक दिवस दादांनी विचारलं, 'यात मराठी कुठे राहते?' मी कळफलकांचं खातं उघडलं. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला एक नंबर आहे. मराठीचा ०४४ई, सोळाच्या पाढ्यातला. आपल्या हिशोबानं ११०२. अलीकडे आसामी, पलीकडे संस्कृत आणि संस्कृतच्या पलीकडच्या घरात मंगोलियन. दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. 'चतुःसीमा चांगली आहे,' म्हणाले.

आणि एक दिवस ती रिकामी नोंद सापडली. विंडोज ११ मध्ये उजव्या टिचकीला जी आखूड यादी येते ती मला आवडत नाही, म्हणून भाच्यानं जुनी लांब यादी परत आणून दिली होती. त्यासाठी त्यानं रजिस्ट्रीत महिरपी कंसातल्या बत्तीस आकडे-अक्षरांच्या नावाचा एक गट घातला होता, त्यात एक पोटहिस्सा, आणि पोटहिश्श्यात काहीच नाही. अक्षरशः काहीच नाही. ती जागा रिकामी ठेवली, की तिथे शोधायला आलेल्या विंडोजला नवी यादी मिळत नाही आणि ते मुकाट जुनी दाखवतं. रिकामं असणं हेच त्या नोंदीचं काम. कोणताही सफाईवाला हिच्याकडे बघून 'रिकामा गट, काढा' म्हणेल. मी हे दादांना कौतुकानं दाखवलं, तर ते माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघू लागले.

'जावईबापू, रकान्यात आम्ही "निरंक" का लिहितो? काही नाही, म्हणून मोकळा सोडत नाही. मोकळा सोडला तर कोणी तरी काही तरी लिहील. निरंक ही नोंद आहे.'

नवव्या दिवशी हरकत आली, आणि लेखी आली. फ्रिजवरच्या नोटिशीखाली बायकोनं पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'स्कॅनरचं बटण दाबलं तर काही होत नाही. सोसायटीच्या पावत्या राहिल्यात.' स्कॅनरच्या अंगावर एक बटण आहे. ते दाबल्याची वर्दी घेणारा शिपाई म्हणजेच मी बिनकामाची ठरवलेली ती ओळ. सुनावणी झाली. दादांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, म्हणजे तिची ऐकली, आणि नोंद पूर्ववत करण्याचा आदेश दिला. मी खूण केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, बटण चालू लागलं. खोडलं असतं तर स्कॅनरचं सगळं सॉफ्टवेअर नव्यानं टाकत बसलो असतो, त्याची सीडी शोधत. प्रिंटरच्या नोंदीबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं, पण दादांनी तिला कंसातच राहू द्यायला सांगितलं. 'ती कोणाच्या पायात येते का? मग असू दे तशीच.'

राहिली पिवळी. तिच्यावर हरकत कोण घेणार? तिचा मालकच उरला नव्हता.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी दादांची झापड निघाली होती. दुसऱ्या दिवशीची सकाळची एसटी. मी रेजेडिट उघडलं. करंट युझर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, रन, आणि शेवटी कंसाचा पोटहिस्सा. ती ओळ निवडली, डिलीट दाबलं. चौकट आली : काही नोंदी काढल्यानं यंत्रणा डळमळीत होऊ शकते, ही नोंद कायमची काढायची याची खात्री आहे ना? होय, नाही. या वेळी दोन बटणं होती.

दादा मंडल अधिकारी झाले नाहीत. यादीत नाव होतं, पण ती यादी कुठल्या तरी टेबलावर राहिली आणि दादा तलाठी म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी फेरफार लिहिले आणि दुसऱ्या कोणी तरी त्याखाली सही केली. हे ते कधी बोलत नाहीत. बायकोनं मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

मी माउस सोडला आणि खुर्चीवरून उठलो. 'दादा, प्रमाणित करायला मंडल अधिकारी लागतात.'

ते काही बोलले नाहीत. टोपी नीट केली, नवा चष्मा लावला, खुर्चीत बसले. सगळा पत्ता जिल्ह्यापासून पोटहिश्श्यापर्यंत मोठ्यानं वाचला, इंग्रजी नावं एकेक अक्षर लावत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, 'हरकत?'

'नाही,' आतून आवाज आला.

त्यांनी तर्जनीनं एकच टिचकी मारली. ओळ गेली. दादा क्षणभर त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात टेबलावर काही तरी चाचपू लागला. पेनांचा पेला बाजूला केला, चष्म्याचं घर उचललं.

'शिक्का कुठाय?'

मी टेबलाचा खण उघडून शोधू लागलो.